मौजे पवई, तालुका कुर्ला

पवईतल्या एखाद्या उंच इमारतीतल्या फ्लॅटचा करारनामा उघडून बघा. क्लब हाऊस आणि पार्किंगच्या कलमांच्या कितीतरी आधी जमिनीचं वर्णन येतं: मौजे पवई किंवा मौजे तिरंदाज, तालुका कुर्ला, जिल्हा मुंबई उपनगर. वर काचेचे मनोरे उभे राहिले, तरी सरकारी दप्तरात इथे अजून गावंच आहेत. पवई, तिरंदाज, पासपोली, तुंगवे, कोपरी. मला याचं फार नवल वाटतं. नांगर कधीच गेले, पण गावांच्या शिवा राहिल्या आणि आज कोट्यवधींचे व्यवहार त्यांच्याच आधाराने होतात.

या गावांवर बाहेरच्या माणसांची नजर फार पूर्वीच पडली होती. १८२९च्या सुमारास फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी व्यापाऱ्याने पवईची जमीन कंपनी सरकारकडून घेतली. त्याने विहिरी खणल्या, रस्ता केला, ऊस, नीळ आणि रेशमासाठी तुती लावली, आंब्याच्या बागा उभ्या केल्या. १८३८मध्ये त्याने व्हिक्टोरिया राणीला आंबे पाठवले. राणी गादीवर येऊन जेमतेम वर्ष होत होतं आणि मुंबईहून वाफेच्या जहाजाने विलायतेला जायची वाट नुकतीच खुली होत होती. अशा काळात नाशवंत फळ इंग्लंडला धाडण्याची कल्पना मनात येणं, हेच मला आंब्यांपेक्षा मोठं वाटतं.

पण पवईचं खरं आश्चर्य म्हणजे तिचा तलाव. तो मुळात निसर्गाचा नाही, हे काठावर फिरायला येणाऱ्या कितीतरी जणांना ठाऊक नसतं. मुंबईची तहान वाढत चालली होती. १८६०मध्ये विहार झाला, १८७९मध्ये तुळशी, तरी पाणी पुरेना. मग दोन टेकड्यांमधली दरी बांध घालून अडवली आणि १८९१मध्ये पवई तलाव तयार झाला. पुढच्याच वर्षी, १८९२मध्ये, तानसाचं पाणी शहरात आलं. पवईचं पाणी पिण्याच्या दर्जाचंही ठरलं नाही. ज्या कामासाठी तलाव बांधला, ते काम असं लवकरच संपलं. तलाव मात्र राहिला. त्याचं पाणलोट क्षेत्र अवघं साडेसहा चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. ऐन पावसाळ्यात तो भरतो, सांडतो आणि ते पाणी मिठी नदीला मिळून माहीमच्या खाडीत जातं. एवढ्या गर्दीच्या शहराच्या मधोमध या पाण्यात मगरी राहतात, अंडी घालतात, पिलं वाढवतात. काठावर ऊन खात पडलेली मगर आणि तिच्यामागे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरची वाहनांची रांग, हे दृश्य जगातल्या फार थोड्या महानगरांत बघायला मिळेल.

पुढे घडामोडींना वेग आला. १९४८मध्ये लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांच्या कंपनीने इथली ५५ एकर दलदल आणि जंगल विकत घेतलं. आयआयटीची पहिली तुकडी १९५८मध्ये वरळीला एका उसन्या इमारतीत शिकू लागली आणि १० मार्च १९५९ला नेहरूंनी पवईत कोनशिला बसवली. १९८६च्या त्रिपक्षीय कराराने पवईची जमीन ४० आणि ८० चौरस मीटरच्या, सामान्यांना परवडतील अशा घरांसाठी दिली गेली. प्रत्यक्षात काय उभं राहिलं ते समोर दिसतंच आहे. परवडणारी घरं बांधा, असा आदेश २०१२मध्ये उच्च न्यायालयाला द्यावा लागला.

यातल्या एकाही वेळी गावाला कुणी विचारलं नाही, आणि इथेच मला दूरचं एक गाव आठवतं. मध्य फिनलंडमध्ये पायान्ने सरोवराच्या काठी लुहांका नावाची फिनिश बोलणारी पालिका आहे. लोकवस्ती सातशेच्या आसपास, म्हणजे पवईच्या एका मोठ्या टॉवरमध्ये मावेल एवढी. तरी तिची स्वतःची निवडून आलेली परिषद आहे आणि रहिवाशांच्या उत्पन्नावरच्या पालिका कराचा दर ती परिषदच ठरवते. त्याच पायान्नेचं पाणी खडकातून खोदलेल्या १२० किलोमीटरच्या बोगद्याने राजधानी हेलसिंकीला जातं. तलावाकाठची गावं आणि पाण्याची वाट बघणारं शहर, हे नातं दोन्हीकडे आहे. फरक एवढाच की तिथल्या सातशे माणसांच्या गावाला स्वतःची सभा आहे आणि पवई मात्र महापालिकेच्या एस विभागाचा एक तुकडा आहे.

तरीही आवाज उठवला तर ऐकला जातो, याचा दाखला इथेच आहे. तलावाकाठी सायकल ट्रॅकचं काम सुरू झालं, तेव्हा आयआयटीतले विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मे २०२२मध्ये उच्च न्यायालयाने ते काम बेकायदा ठरवलं. तुम्ही पवईत राहत असाल तर करारनामा काढा, आपलं घर कोणत्या मौज्यात आहे ते वाचा, आणि तलावात सांडपाणी कुठून येतं हा प्रश्न आपल्या नगरसेवकाला त्या गावचे रहिवासी म्हणून विचारा.