तंबू, बँड आणि कॅमेरा

सर्कशीचं रिंगण : व्यास ४२ फूट, म्हणजे सुमारे १३ मीटर. लंडनमध्ये १७६८ पासून घोडेस्वारीचे खेळ करणाऱ्या फिलिप अ‍ॅस्टली यांच्यामुळे हे माप रूढ झालं.

सर्कशीवरच्या म्युझिक व्हिडिओचा गाजलेला नमुना : 'आय राइट सिन्स नॉट ट्रॅजेडीज'. लास व्हेगासचा बँड 'पॅनिक! अ‍ॅट द डिस्को', दिग्दर्शक शेन ड्रेक. चर्चमधल्या लग्नात सर्कसवाले घुसतात. गायक ब्रेंडन युरी रिंगमास्टर. (तंबू नाहीच, तरी सर्कस पुरेपूर.) २००६ मध्ये एमटीव्हीचा 'व्हिडिओ ऑफ द इयर'.

प्लेबॅक : अशा व्हिडिओच्या सेटवर रेकॉर्ड केलेलं गाणं वाजतं, गायक ओठ हलवतो.

स्लो मोशन : गाणं दुप्पट वेगानं वाजवायचं, सेकंदाला ४८ फ्रेम टिपायच्या. २४ च्या वेगानं दाखवलं की सर्कशीतले झोके संथ, ओठ मात्र सुरात.