संकेतार्थ आणि न घडलेली निवडणूक

अमेरिकेत अध्यक्षपदाच्या एखाद्या निवडणुकीत उमेदवार निराळा असता, किंवा त्याने उपाध्यक्षपदासाठी निराळा जोडीदार निवडला असता, तर काय झाले असते, असे तर्क हौसेने लढविले जातात. इतिहासाचे अभ्यासक त्यांची गणना बहुधा मनोरंजनात करतात. भाषाभ्यासकापुढील प्रश्न वेगळा आहे: अशा विधानांपैकी कोणती पारखता येतात आणि कोणती येत नाहीत?

'ते उभे राहिले तर निवडून येतील' या वाक्यात अट खुली आहे. 'ते उभे राहिले असते तर निवडून आले असते' या वाक्यात ती पुरी झाली नाही, हे वक्ता गृहीत धरतो. क्रियापदाच्या या दुसऱ्या रूपालाच मराठी व्याकरणाने संकेतार्थ म्हटले आहे. अशा वाक्याची कसोटी डेव्हिड लुईस यांनी १९७३ च्या आपल्या ग्रंथात मांडली. ढोबळमानाने ती अशी: अट पुरी झालेली, पण एरवी वास्तवाशी शक्य तितकी मिळतीजुळती अशी परिस्थिती कल्पावी आणि तीत परिणाम घडतो की नाही, हे पाहावे. सारांश, वास्तवात करावा लागणारा फेरफार जितका अल्प, तितके विधान अधिक पारखण्याजोगे.

याचे उत्तम उदाहरण भारताच्या १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत सापडते. तीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ इतके पहिल्या पसंतीचे मतमूल्य मिळाले. आवश्यक कोटा ४,१८,१६९ होता. तो कोणालाच न गाठता आल्याने पुढील पसंतीची मते मोजली गेली. अखेरीस गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ वर पोहोचले.

आता 'देशमुख उभे राहिले नसते, तर रेड्डी निवडून आले असते' हे वाक्य घ्यावे. पसंतिक्रमाची मतपत्रिका ही वस्तुतः संकेतार्थाचीच मतपत्रिका होय. 'तुमचा पहिला उमेदवार नसता तर कोण?' हा प्रश्न ती प्रत्येक मतदाराला आधीच विचारते. पुढील पसंतीतून रेड्डींना ९१,८७९ आणि गिरींना १८,५६२ ची भर पडली, तरीही गिरीच जिंकले. तेव्हा मतदारांचा कल बदलला नसता असे धरल्यास, हे वाक्य असत्य ठरते.

'रेड्डींनी योग्य जोडीदार निवडला असता, तर ते निवडून आले असते' हे वाक्य रचनेने तसेच आहे. त्याची अट मात्र फार मोठी आहे. भारतात अशी जोडी नसतेच. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत संसदेबरोबर विधानसभांचे निर्वाचित सदस्य मत देतात. उपराष्ट्रपती केवळ संसद सदस्य निवडतात. गोपाल स्वरूप पाठक यांची उपराष्ट्रपतिपदी निवड गिरींच्या विजयानंतर स्वतंत्रपणे झाली. म्हणजे येथे प्रथम राज्यघटनाच बदलावी लागते. अमेरिकेत १९६० साली मॅसॅच्युसेट्सच्या केनेडींनी टेक्ससचे जॉन्सन यांना जोडीला घेतले. त्या प्रादेशिक समतोलाच्या न्यायाने दक्षिणेकडील रेड्डींना उत्तरेचा जोडीदार हवा होता, इतके म्हणता येईल. तथापि हा केवळ साधर्म्यावरून केलेला तर्क आहे. त्यामागे मतपत्रिकेचा पुरावा नाही.

अट वाढत जाते तसा तर्क कसा दुबळा होतो, हे नागपूरशी निगडित एका नावावरून दिसते. मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी आणि नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला १९७९ साली अविरोध उपराष्ट्रपती झाले. त्यांना १९६९ मध्येच कोणाचे जोडीदार कल्पिले, तर घटना बदलूनही भागत नाही. ते तेव्हा भारताचे सरन्यायाधीश होते आणि निवडणुकीच्या काळात काळजीवाहू राष्ट्रपतीही. एका तरसाठी तीन जर लागतात.

'१९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले नसते, तर मिहान उभे राहिले नसते' हे वाक्य या श्रेणीच्या दुसऱ्या टोकाला आहे. मधल्या दशकांतील असंख्य निर्णय त्यात मोकळे सुटतात. म्हणून ते सिद्धही होत नाही आणि खंडितही होत नाही. 'असता–असते' ही रूपे सर्वत्र एकच आहेत. व्याकरण अट मांडू देते. तिचे वजन मात्र पुराव्यानेच करावे लागते.