लडीचा घेर, गळ्याचा घेर

हाताने रंगवलेली लोकरीची लडी दुकानात पीळ घालून ठेवलेली असते. त्या रूपात ती जशी दिसते, तशी पुन्हा कधीच दिसत नाही. निळा, गेरू, मधेच शेवाळी, सगळे एकमेकांत मिसळलेले. तिचं काउल विणायला घ्या, म्हणजे टोकं नसलेला, डोक्यातून गळ्यात उतरवायचा गोल मफलर. निळ्याचं डबकं एका बाजूला साचतं, गेरूचं दुसऱ्या. मग रंगवणारीला बोल लागतो. माझ्या मते दोष रंगाचा नाही, मापाचा आहे.

लडी साधारण दीड मीटर घेराची असते. ती पसरून तीन भागांत तीन रंग दिले, तर धाग्यावर दर दीड मीटरला तोच क्रम फिरून येतो. आता मध्यम जाडीच्या लोकरीचा एक सुलट टाका सुमारे दीड सेंटिमीटर धागा खातो आणि गळ्याला पुरेशा काउलला शंभरेक टाके लागतात. गुणाकार करा: फेरीला दीड मीटर! प्रत्येक फेरीत निळ्यावर निळाच येऊन बसणार. ९६ टाके घातले तर फेरीला सहा सेंटिमीटर धागा कमी लागतो, रंग चार-चार टाके सरकतो आणि नागमोडी पट्टा काउलभोवती फिरत वर चढतो. म्हणून आधी धाग्यावर खूण करून वीस टाके विणावेत, उसवावेत, धागा मोजावा. हात सैल की घट्ट, यावरही हे माप बदलतं.

रंगाचं रसायन तसं साधं आहे. लोकर हे प्रथिन. पाण्यात व्हिनेगर पडलं की तंतूवर धन भार येतो, ॲसिड डायचे ऋण भाराचे कण त्याला धरतात आणि उष्णतेने पक्के बसतात. रंग शोषला गेला की पातेल्यातलं पाणी निवळतं. (आपल्याकडची ‘शेडेड’ लोकर बहुतेक ॲक्रिलिकची, तिच्यावर व्हिनेगरची मात्रा चालत नाही.)

माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या उरुग्वायमध्ये १९६८ साली ‘मानोस देल उरुग्वाय’ ही संस्था उभी राहिली, खेड्यांतल्या स्त्रियांना गावातच काम मिळावं म्हणून. तिथल्या सहकारी संस्थांतल्या बायका मोठ्या पातेल्यांत लड्या रंगवतात. एकाच पातेल्यातल्या दोन लड्याही हुबेहूब सारख्या निघत नाहीत. त्यामुळे मोठ्या कामात एक फेरी एका लडीची, पुढची दुसरीची, असं आलटून पालटून विणायची पद्धत आहे. डबकी फुटतात आणि लडी बदलल्याची रेघही दिसत नाही.

काउलला मात्र बऱ्याचदा एकच लडी पुरते. तिथे लिनन टाका कामी येतो: एक सुलट विणायचा, पुढचा न विणता, धागा पुढून नेऊन, नुसता सरकवायचा. टाक्यांची संख्या विषम ठेवली की पुढच्या फेरीत विणायचे आणि सरकवायचे टाके आपोआप बदलतात. शेजारच्या फेऱ्यांचे रंग ठिपक्याठिपक्यांनी मिसळतात. वीण घट्ट येते, तेव्हा सुई नेहमीपेक्षा जाड घ्यावी.

काहीजणी मात्र मुद्दाम घेर जुळवून चौकड्यांची नक्षी काढतात. त्यांच्याशी विणताना गप्पा मारू नयेत. रंग जरा घसरला की टाका सैल-घट्ट करून त्यांना तो जागेवर आणायचा असतो.