काचपात्रातील शिकवणी

बुऱ्हाणपुरात कर्करोगाचे निदान झाले की पुष्कळ घरांत पहिला विचार होतो तो भुसावळमार्गे मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयात जाण्याचा. आमच्या परिचयाच्या एका घरी मात्र निराळेच घडले. यजमानांस तोंडाचा कर्करोग. आणि रुग्णाच्याच रक्तातून कर्करोगावर लस करून देतो, असे सांगणारे एक पत्रक कोणीसे आणून दिलेले. केळीची बाग विकावी काय, इथवर गोष्ट आली, तेव्हा आम्हांस विचारणा झाली.

कल्पना खोटी नव्हे. १९७३ मध्ये न्यूयॉर्क येथे राल्फ स्टाइनमन यांनी डहाळ्यांसारखे फाटे असलेल्या डेंड्रिटिक पेशींचे वर्णन केले. रोगाशी लढणाऱ्या टी पेशींस शत्रू दाखवून देणे हे यांचे काम. रक्तातील मोनोसाइट वेगळे काढून काचपात्रात त्यांस दोन विशिष्ट प्रथिने दिली, की सुमारे आठवड्याने त्यांच्या डेंड्रिटिक पेशी बनतात. मग त्यांस अर्बुदाचा अंश दाखवावयाचा, चेतवून पक्व करावयाचे आणि शरीरात परत सोडावयाचे. पात्रात ही शिकवणी उत्तम वठते. शरीरात मात्र अर्बुद आपल्याभोवती टी पेशींस निष्प्रभ करणारी रसायने पसरविते, आणि शिकविलेले बरेचसे वाया जाते. अशाच पद्धतीच्या एका लशीस अमेरिकेत २०१० मध्ये पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली. तिने आयुष्य वाढले ते सरासरी चार महिन्यांनी.

स्वतः स्टाइनमन यांस २००७ मध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. इतर उपचारांबरोबर त्यांनी आपल्याच पेशींच्या लशी टोचून घेतल्या व चार वर्षांहून अधिक काळ ते जगले. श्रेय लशीचे किती, हे एका रुग्णावरून ठरत नाही. ३० सप्टेंबर २०११ रोजी ते वारले. तीनच दिवसांनी त्यांचे नोबेल जाहीर झाले.

पत्रकात हवाला होता तो मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा रुग्णालयाच्या संशोधनातून निघालेल्या नेक्सकार १९ या उपचाराचा. त्यास २०२३ मध्ये मान्यता मिळाली, हे खरे. परंतु ती लस नव्हे. त्यात टी पेशींचीच जनुकीय घडण बदलतात, आणि ती मान्यता बी पेशींच्या काही रक्तकर्करोगांपुरती आहे. तोंडाच्या कर्करोगाशी तिचा काय संबंध? हवाला देणाऱ्याने एवढेच नेमके वगळले होते!

आम्ही सुचविले, की पत्रक घेऊनच परळला जा आणि हा उपचार आमच्या रोगावर सिद्ध आहे काय, की चाचणीतला आहे, असे स्पष्ट विचारा. अधिकृत चाचणीत नव्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, हेही सांगितले.

मंडळी गेली. शस्त्रक्रियेची तारीख घेऊन परतली. बागेचा सौदा तूर्त थांबला आहे.