लक्ष्मीची तसबीर आणि औंधची सैरंध्री

घोडेगावच्या आमच्या माजघरात राजा रविवर्म्याच्या लक्ष्मीची छापील तसबीर आहे. रविवर्मा म्हणजे हीच, असं मी पन्नाशीपर्यंत धरून चाललो होतो. मग एकदा पहाटे निघून साताऱ्याकडचं औंध गाठलं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेल्या भवानी संग्रहालयात त्याच्या ‘सैरंध्री’समोर उभा राहिलो. सावली नेमकी कुठं सुरू होते, ते डोळ्यांना सापडेना. तैलरंग सावकाश वाळतो, तोवर कुंचल्यानं एक छटा दुसरीत मिसळता येते. रविवर्म्याच्या छापखान्यात (१८९४ साली मुंबईत निघालेला, पुढं आपल्याच जिल्ह्यात मळवलीला आलेला) प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागे. दगडावर छटा उतरवायची ती बारीक ठिपक्यांनी. रात्री घरी आल्यावर भिंग शोधलं. आजीच्या कुंकवाचा थर पायांपाशी तसाच होता. लक्ष्मीच्या गालांवर मात्र ठिपकेच ठिपके.