एका बाटलीत खाडी मावत नाही

खाडीत सोडलेले सांडपाणी कुठवर पसरेल, खारे पाणी नदीत किती आत शिरेल, हे पाण्याच्या घुसळणीवर ठरते. ही घुसळण मोजता येते. मात्र तिच्याबद्दलचे काही समज आधी तपासून घ्यायला हवेत.

गैरसमज १ : नदीचे पाणी समुद्राला मिळाले की लगेच मिसळते.
वस्तुस्थिती : गोडे पाणी घनमीटरला सुमारे १,००० किलो भरते, समुद्राचे १,०२५ किलोच्या आसपास. त्यामुळे गोडे पाणी वर राहते आणि खारे तळाशी जाते. अगदी स्थिर पाण्यात मिठाला आपोआप मीटरभर पसरायला दहा वर्षांहून अधिक काळ लागेल. खरे मिसळणे घडवतात ते प्रवाहातले भोवरे. गोव्याच्या मांडवी-झुआरीत पावसाळ्यात पाण्याचे थर दिसतात. उन्हाळ्यात नदीची आवक आटली की वरपासून तळापर्यंत खारेपणा जवळपास सारखा होतो.

गैरसमज २ : खाडी उथळ असेल तर वरच्या पाण्याची एक बाटली तपासली की पुरे.
वस्तुस्थिती : ओहोटीत तळाचे पाणी घर्षणाने मागे रेंगाळते, वरचे पुढे धावते. त्यामुळे नदीकडचे हलके पाणी खाऱ्या पाण्यावर चढते आणि थर बनतात. भरतीत उलटे होते : वरून जड, खारे पाणी आत येते, खाली बुडते आणि सगळे घुसळून निघते. म्हणजे त्याच जागी सहा तासांनी चित्र वेगळे. म्हणून किमान एक पूर्ण भरती-ओहोटी, म्हणजे सुमारे १२ तास २५ मिनिटे, वेगवेगळ्या खोलींवर मोजमाप करावे लागते. तेही एकदा उधाणाला (मोठ्या भरतीला) आणि एकदा भांगाला (लहान भरतीला).

गैरसमज ३ : ओहोटी घाण समुद्रात नेऊन टाकते.
वस्तुस्थिती : बाहेर गेलेल्या पाण्यातला बराच भाग पुढच्या भरतीला परत येतो. नदीला पाणी कमी असेल तेव्हा घाण आत-बाहेर करत कितीतरी दिवस खाडीतच राहू शकते.

गैरसमज ४ : पाण्यात सोडलेला रंग लांबवर पसरतो तो फक्त भोवऱ्यांमुळे.
वस्तुस्थिती : संशोधक रोडामाइन नावाचा गुलाबी रंग सोडतात आणि होडीवरच्या फ्लुओरोमीटरने त्याचा माग घेतात. डोळ्यांना दिसेनासा झालेला, अब्जात एखादा भाग उरलेला रंगही हे यंत्र टिपते. हा डाग प्रवाहाच्या दिशेने लांबत जातो. शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी १९५३ मध्ये नळीतल्या प्रवाहासाठी याचे कारण दाखवले : मधले पाणी वेगाने जाते, कडेचे हळू, म्हणून रंग ताणला जातो. खाडीतही वेगातला हाच फरक मुख्य कामगिरी बजावतो.

गैरसमज ५ : भोवऱ्यांची खळबळ बेभरवशाची, ती मोजणार कशी?
वस्तुस्थिती : एकेका भोवऱ्याचे भाकीत करता येत नाही, पण त्यांच्या समूहाला नियम असतो. गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी तो १९४१ मध्ये मांडला. कॅनडातल्या डिस्कव्हरी पॅसेज या भरतीच्या वेगवान प्रवाहात ग्रँट, स्टुअर्ट आणि मोइलिए यांनी केलेल्या मोजणीने १९६२ मध्ये त्याला भक्कम आधार दिला. आज तळाशी ठेवलेले डॉप्लर यंत्र ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून थराथराचा वेग आणि त्यातले चढउतार नोंदवते.

खाडीच्या पाण्याचा अहवाल हाती आला तर आकड्याआधी तीन गोष्टी पाहा : नमुना भरतीचा की ओहोटीचा, उधाणाचा की भांगाचा आणि किती खोलीवरचा. ही नोंद नसेल तर त्या एका आकड्यावरून खाडीला स्वच्छ किंवा घाण ठरवू नका.