सीमेपलीकडचं पेट्रोल

मालवणातून कुणी गोव्याला निघाला की शेजारी हमखास सांगतो, "येताना टाकी भरून ये रे, थय पेट्रोल स्वस्त असा." सल्ला प्रेमाचा असतो. पण तो किती खरा, हे मी एकदा कागदावर मांडून पाहिलं.

पेट्रोलची मूळ किंमत आणि केंद्राचं उत्पादन शुल्क दोन्हीकडे जवळपास सारखंच. फरक पडतो तो राज्याच्या मूल्यवर्धित करामुळे. २०१७ साली वस्तू आणि सेवा कर आला, पण पेट्रोल-डिझेल त्याबाहेर राहिलं. त्यामुळे प्रत्येक राज्य आपला दर ठरवतं. महाराष्ट्र तर टक्केवारीच्या वर लिटरमागे ठरावीक अधिभारही घेतो. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी गोव्यात पेट्रोलवरचा हा कर जवळजवळ शून्यावर आणला, तेव्हा पेट्रोल लिटरमागे सुमारे ११ रुपयांनी उतरलं. पुढे तो कर पुन्हा वाढला, पण आपल्या मनात तो आकडा रुतून बसला.

आता हिशेब करू. लिटरमागे ८ रुपये फरक आणि पेट्रोल १०० रुपये लिटर धरू. गाडीत ३५ लिटर भरलं तर २८० रुपये वाचले. मालवणहून पत्रादेवीची सीमा साधारण ६० किलोमीटर, जाऊन-येऊन १२०. लिटरला १५ किलोमीटर चालणारी गाडी तेवढ्यात ८ लिटर, म्हणजे ८०० रुपयांचं पेट्रोल पिते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला! तेच सीमेपासून ५ किलोमीटरवर राहणाऱ्याचा जाण्यायेण्याचा खर्च ७० रुपयांच्या आत, म्हणून त्याला दोनशेवर रुपये सुटतात. या गाडीचं गणित २१ किलोमीटरच्या अंतरावर बरोबरीत येतं. त्यापलीकडे राहणाऱ्यानं दुसऱ्या कामासाठी गेल्यावरच टाकी भरावी. आणि प्लास्टिकच्या कॅनमधून पेट्रोल आणण्याचा मोह तर मुळीच धरू नये. त्याची वाफ हवेपेक्षा जड, गाडीत तळाशी साचते आणि एका ठिणगीनं पेटते.

हे आपल्याकडेच घडतं असं नाही. लक्झेंबर्ग या चिमुकल्या देशात इंधनावरचा कर कमी, म्हणून शेजारच्या जर्मनी-फ्रान्समधले लोक तिथं टाकी भरायला जात आले आहेत.

पण सगळ्यांनाच सीमा ओलांडता येत नाही. आमचा मच्छीमार नौका घेऊन पत्रादेवीच्या पंपावर जाणार कसा? त्याच्या डिझेलवरचा कर सहकारी संस्थांमार्फत परत देण्याची राज्याची योजना आहे. तो परतावा वेळेवर हाती पडणं, हीच त्याची स्वस्ताई. सीमेजवळच्या आपल्या पंपवाल्याचं गिऱ्हाईक जातं आणि राज्याचा करही जातो, तो वेगळाच.

ही सीमा १९६१ पर्यंत दोन राज्यांमधली नव्हती, दोन राजवटींमधली होती. याच पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या. तिथं त्यांचं स्मारक आहे. दोन पैसे वाचवायला त्या वाटेनं जाणाऱ्यानं तिथं घटकाभर थांबावं. ती वाट मोकळी करायला मोजलेली किंमत कुठल्याच पंपावर लिहिलेली नसते.